वाढती टिकली

विमलाबाई खोडके यांना कशाचीही किळस येऊ शकते, हे विश्रांतवाडीच्या नवचैतन्य सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न एवढाच असे, की आज कशाची येणार.

शेजारच्या शालूवहिनींनी एकदा हौसेने आमरसाचं पातेलं आणून दिलं. विमलाबाईंनी झाकणसुद्धा उघडलं नाही. दारातच त्यांच्या नाकपुड्या एकदा हलल्या आणि त्या म्हणाल्या, "कार्बाईड." बस्स, एवढंच. न्यायाधीशाने फाशी सुनावून पेन मोडावं तसं. शालूवहिनी पातेलं घेऊन परत गेल्या, आणि घरी गेल्यावर त्यांनाही तो रस खाववेना. विमलाबाईंच्या किळसेचा हाच मोठा दोष होता. ती साथीसारखी पसरायची.

नाक म्हणाल तर दिसायला साधंच होतं. अकोल्याकडचं, जरा बसकं, चमकी घातलेलं. लग्न करून विमलाबाई पुण्यात आल्या त्याला जमाना लोटला होता. बोलणं पुणेरी झालं होतं, टोमणे तर अस्सल पुणेरी झाले होते, पण किळस फार वर आली की आतली वऱ्हाडी बाई बाहेर पडायची आणि "काय घान हाय वं हे!" असं जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

दूध घालायला मच्छिंद्र यायचा. विमलाबाई दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन तो ओघळतो कसा ते बघायच्या. तोवर मच्छिंद्र परीक्षेला बसल्यासारखा उभा.

"पाणी घाल रे बाबा," त्या म्हणायच्या, "पाण्याला मी कधी काही म्हटलंय का? पाणी देवाचं आहे. पण हा फेस कुणाचा आहे?"

"काकू, म्हैस ताजी व्यालीये."

"साबणाची वडी व्याली असेल."

भाजीसाठी त्या पीएमटीने थेट मंडईत जायच्या. कारण जवळच्या हातगाडीवरची कोथिंबीर कुठल्या नाल्यात आंघोळ करून येते, ते त्यांनी बसच्या खिडकीतून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माणूस गुडघाभर काळ्या पाण्यात उभा, शेजारी म्हैस, शेजारी आणखी काय काय, आणि हा पठ्ठ्या जुड्या बुचकळून बुचकळून काढतोय, त्या ताज्या दिसाव्यात म्हणून. त्या दिवशी त्यांना पुढच्या स्टॉपवर उतरावं लागलं होतं. मंडईतही त्या एकेक जुडी नाकाला लावून बघत. तिथली भाजीवाली काही कमी नव्हती. "काकू, भाजी आहे ती. अत्तर घ्यायचं तर पुढच्या गल्लीत जा."

सोललेले हिरवेगार मटार त्यांनी एकदाच आणले. पाण्यात टाकले तर पाच मिनिटांत पाणी इतकं सुंदर हिरवं झालं, की त्यात साडी बुडवली असती तर पक्की रंगून निघाली असती. चहाच्या पावडरीत लाकडाचा भुसा, तिखटात विटेची पूड, सफरचंदावर मेण, खव्यात टीपकागद, वड्याच्या कढईत आदल्या आठवड्याचं काळं तेल. विमलाबाई हुंगायच्या, शहारायच्या आणि फेकून द्यायच्या. उरलेलं मिठाच्या पाण्यात, मग व्हिनेगरच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात भिजून, सोलून आणि उकडून ताटात यायचं.

त्यांचे यजमान वैजनाथराव खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी आयुष्यभर दारूगोळ्याशेजारी काम केलं होतं, पण घाबरायचे ते जेवणाच्या ताटाला. "अगं, मीठ चालतं का आज? की त्यातही काही निघालं?" असं ते फार सौम्यपणे विचारायचे.

मुलगी श्रद्धा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होती. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची. वैजनाथराव म्हणायचे, "हिच्या आईनं जन्मभर फुकट केलं, हिला त्याचा पगार मिळतो."

असं सगळं असलं तरी विमलाबाईंची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा होती. पाकिटावर. ते दिवसच तसे होते. पुण्यात एकेक करून चकचकीत दुकानं उघडत होती, आणि पोत्यांतून, पिंपांतून, कागदी पुड्यांतून येणारं जग बघता बघता प्लास्टिकच्या पाकिटात शिरत होतं. वर छापील नाव, खाली तारीख, मध्ये हसणारी बाई. विमलाबाईंना वाटे, सुटं आलं म्हणजे त्यात कुणाचा तरी हात आला, घाम आला, लबाडी आली. पाकिटात फक्त यंत्राचा हात. यंत्र कशाला लबाडी करेल?

याच न्यायाने त्यांनी कुंकू सोडलं होतं. सासूबाई होत्या तेव्हा कपाळावर मेण आणि त्यावर पिंजर. पण एका चैत्रात सासूबाईंचं कपाळ सुजून लाल झालं, खाज थांबेना. विमलाबाईंनी करंडा उचलला आणि कुंकू पाण्यात टाकून पाहिलं. रंग वर तरंगला, खाली माती बसली. "काय घान हाय वं हे!" म्हणून त्यांनी करंडा जो रिकामा केला तो कायमचा. दुसऱ्या दिवसापासून टिकली. मरून, मखमली, पाकीटबंद, हात न लावता बनवलेली.

सवाष्णीचं कपाळ उघडं राहू नये, हे तर रक्तातच होतं. त्यामुळे टिकली झोपतानाही कपाळावर. आंघोळीला गेलं की ती काढून न्हाणीघरातल्या आरशाला चिकटवायची, आणि बाहेर आल्या आल्या दुसरी. आरशाच्या कडेला टिकल्यांची अशी दाटी झाली होती की दाढी करताना वैजनाथरावांना स्वतःचा चेहरा देवी आल्यासारखा दिसायचा. जुन्या टिकलीचा गोंद संपेपर्यंत ती पुन्हापुन्हा वापरायची. वस्तू वाया घालवणं विमलाबाईंना विषाच्या खालोखाल नावडायचं.

आता सुंदराबाईंबद्दल सांगायला हवं.

सुंदराबाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर. आवाज असा, की ट्रंक कॉल लागला नाही तरी ऐकणाऱ्याला वाईट वाटू नये. त्यांच्या दोन्ही हातांवर, मानेवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग होते. कोड. त्यामुळे लग्न झालं नव्हतं, आणि नावावरून व्हायचे ते विनोद लहानपणीच सगळे होऊन गेले होते. सोसायटी त्यांच्याशी वाईट वागत नसे. सोसायटी फक्त चहाला बोलावल्यावर "उपास आहे हो" म्हणे, आणि जिन्यात भेटल्यावर कठड्याचा हात काढून घेई. बोलायला मात्र सगळ्या अगदी गोड.

संक्रांतीला आणि दिवाळीला सुंदराबाई घरोघर लाडू द्यायच्या. विमलाबाई डबा घ्यायच्या, हसायच्या, दार लावायच्या. मग डबा गच्चीवर जायचा आणि लाडू कावळ्यांना. कावळ्यांनी त्यांच्याबद्दल कधी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी डबा तीनदा घासून परत द्यायचा आणि म्हणायचं, "छान झाले होते हो."

अख्ख्या सोसायटीत विमलाबाईंनी ज्यांच्या हातच्या पदार्थाला नावं ठेवली नाहीत, अशा सुंदराबाई एकट्याच होत्या.

आणि एके दिवशी सकाळी न्हाणीघरात विमलाबाईंनी टिकली काढून आरशाला लावली, तोंडावर पाणी मारलं, वर पाहिलं, आणि टिकली अजून कपाळावरच आहे असं त्यांना वाटलं. फक्त ती पांढरी होती.

त्यांनी चोळलं. साबण लावला. खोबरेल लावलं. ठिपका होता तिथेच. मसुराएवढा, गोल, कडा अगदी रेखलेली. विमलाबाईंनी नळ सुरू केला आणि पाटावर बसून राहिल्या. नाकाला कसलाच वास येत नव्हता. पण जी किळस आजवर दुधाची, मटारची, कोथिंबिरीची, दुसऱ्यांच्या हातांची यायची, ती आज कपाळापासून खाली उतरत पोटात गेली. ओकारीच आली त्यांना. स्वतःची.

"अगं, झालं का?" बाहेरून वैजनाथराव.

"आले!" म्हणून त्यांनी ठिपक्यावर टिकली दाबली. दोन बोटांनी, जोरात. झाकलं गेलं.

काही महिन्यांनी मसुराची टिकली पुरेना. कडेने पांढरी रेघ दिसायला लागली, ग्रहण सुटताना दिसते तशी. विमलाबाई अल्लाबक्ष यांच्या दुकानी गेल्या. अल्लाबक्ष पिढीजात बांगड्यांचे व्यापारी. गल्ल्यामागे ते आणि काचेच्या चुड्यांमागे त्यांची बायको नसीमबानू.

"अल्लाबक्षभाई, याच्यापेक्षा मोठी दाखवा."

"घ्या ना वहिनी. वाटाणा देऊ?"

वाटाणा झाला. मग आठ आण्यांएवढी झाली. मग रुपयाएवढी. अल्लाबक्ष नवं पाकीट काढता काढता म्हणाले, "वहिनी, याच्यापुढे माझ्याकडे फक्त डब्याची झाकणं आहेत."

"तुम्ही गप बसा हो," नसीमबानू चुड्यांमागून म्हणाल्या, "किती रुबाबदार दिसतात वहिनी."

गंमत म्हणजे ते खरंच होतं. मोठी टिकली विमलाबाईंच्या तोंडाला शोभायची. आधी शालूवहिनींनी तशी लावली, मग त्यांच्या जावेने, मग भिशीतल्या सगळ्यांनी. ज्या सोसायटीने आजवर विमलाबाईंची फक्त किळस उचलली होती तिने आता त्यांची फॅशन उचलली. भिशीला सगळ्या मोठमोठी कपाळं मिरवीत बसायच्या, आणि विमलाबाईंना त्या प्रत्येक टिकलीखाली पांढरा गोल दिसायचा. त्यांचा चहा गार व्हायचा. कुणी सहज म्हटलं की, "अय्या, खालच्या सुंदराबाईंचं वाढलंय हो, आता गालावर पण," तर आधी सगळ्यांत मोठ्याने "श्शी!" म्हणणाऱ्या विमलाबाई आता उठून खिडकी उघडायच्या. उकडतंय म्हणायच्या.

घरात कुणालाही पत्ता नव्हता. श्रद्धा एकदा म्हणाली, "आई, ही टिकली आहे का डार्टबोर्ड?" आणि विमलाबाई इतक्या चिडल्या की ती पोर पुन्हा त्या विषयावर बोललीच नाही.

चिडायला कारण श्रद्धाच होती. औंधच्या मोहोडांचं स्थळ आलं होतं. मूळचे अमरावतीचे, म्हणजे आपल्याकडचेच. मुलगा दिग्विजय हिंजवडीतच, शेजारच्या कंपनीत. पत्रिका जुळली होती. दोघं दोनदा कॉफी प्यायला जाऊन आली होती. दुसऱ्यांदा परत आल्यावर श्रद्धा उकडलेली दुधी भोपळ्याची भाजी तक्रार न करता जेवली, त्यावरून विमलाबाईंनी ओळखलं की पोरीला मुलगा आवडलाय. आता रविवारी त्याची आई रीतसर घर बघायला येणार होती. घर म्हणजे घरातली माणसं. माणसं म्हणजे त्यांची कातडी. आईला कोड आहे हे एकदा कळलं की मुलीच्या स्थळांचं काय होतं, ते विमलाबाईंना सांगायला कुणी नको होतं. अशा कितीतरी मुलींची स्थळं मोडल्याच्या चर्चांत त्यांनी स्वतः मान हलवली होती.

गुरुवारी "मंडईत जाते" म्हणून त्या निघाल्या आणि कॅम्पात कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या. विश्रांतवाडीत डॉक्टर होते, पण तिथल्या बाकावर शालूवहिनी बसलेल्या असण्याची शक्यता होती.

"टिकली काढा," डॉक्टर म्हणाले.

"आधी दार लावता का?"

डॉक्टरांनी दार लावलं. विमलाबाईंनी टिकली काढली, आणि परक्या माणसासमोर कपडे उतरवल्यासारखी मान खाली घातली. डॉक्टरांनी दिवा जवळ घेतला.

"रोज लावता?"

"सवाष्ण आहे मी."

"झोपताना?"

"मग काय उघड्या कपाळाने झोपायचं?"

"आंघोळीला तरी काढता का?"

"काढते की. बाहेर आले की दुसरी."

"म्हणजे या कपाळाला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही." डॉक्टरांनी टिकली चिमट्यात धरून उलटी केली. "हा गोंद बघा. यात एक औषध घालतात, घट्ट चिकटावी म्हणून. काहींच्या कातडीतला रंग ते मारून टाकतं. माझ्याकडे येतात अशा बायका. डाग दिसला की झाकायला मोठी टिकली लावतात. मोठ्या टिकलीला गोंद जास्त. मग डाग मोठा. मग टिकली आणखी मोठी. तुम्ही कुठवर जाणार होतात?"

विमलाबाई त्या चिमट्याकडे बघत राहिल्या. मागचा गोंद पिवळट, कडेला धुळीची काळी रेघ, मध्ये एक केस. त्यांनी ती टिकली नाकाजवळ नेली. हुंगली. वर्षानुवर्षं डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या वर चार बोटांवर हे बसलं होतं, आणि त्या जगप्रसिद्ध नाकाला पत्ता नव्हता.

"पण डॉक्टर, पाकीटबंद असते हो ही."

"विषाला पाकीट चालतं, बाई."

"म्हणजे हे कोड नाही?"

"नाही. टिकली बंद केलीत तर रंग हळूहळू परत येईल. बहुतेक. पूर्ण येईलच असं नाही. आणि कोड असतं तरी काय आभाळ कोसळलं असतं? ते कुणाला लागत नाही. शिवल्याने नाही, हातचं खाल्ल्याने तर नाहीच नाही."

यातला पहिला शब्द विमलाबाईंनी घट्ट मुठीत धरला. बाकीची वाक्यं डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली.

"बंद आजपासूनच करायला पाहिजे का? सोमवारपासून केली तर?"

"रविवारी काय आहे?"

"मुलीला बघायला येतायत."

"मग मुलीला बघतील ना! तुमच्या कपाळाकडे कशाला बघतील?"

डॉक्टरांना कातडीतलं सगळं कळत होतं. लग्नातलं काही कळत नव्हतं.

रविवारी सकाळी विमलाबाई आरशासमोर उभ्या राहिल्या. ज्या बाईने घरात येणारं विष उंबऱ्यावरच हुंगून परत पाठवलं, तिने पाकीट उघडलं, सगळ्यांत मोठी टिकली काढली, मागचा गोंद नीट बघितला, आणि बघून सवरून ती कपाळावर दाबली. ती जागा चुरचुरली. अंगावर काटा आला. दूध फेकता येतं, मटार फेकता येतात. हे लावून दिवसभर हसायचं होतं.

राधाताई मोहोड आल्या. सोबत दिग्विजय. राधाताई नीटनेटक्या, हसऱ्या, औंधला राहून औंधच्या झालेल्या. पण कौतुकात आल्या की त्यांच्याही बोलण्यात वऱ्हाड डोकावत होतं, त्यामुळे बैठक पहिल्या चहातच जमली. दिग्विजयने घरातल्या कॉम्प्युटरची चौकशी केली. वैजनाथरावांनी कारखान्यातला तोच एक किस्सा सांगितला. श्रद्धाने पोहे आणले, आणि सोबत बशीत रव्याचे लाडू.

विमलाबाई चमकल्या. लाडू त्यांनी केले नव्हते. बाहेरचं गोड त्या घरात आणू देत नसत, म्हणून गोड काही नाहीच असं ठरलं होतं.

"वा!" राधाताईंनी अर्धा लाडू तोडून तोंडात टाकला. "काय सुरेख झालेत वं! विमलाताई, तुम्ही केले?"

"नाही, आमच्या सुंदरामावशींनी," श्रद्धा म्हणाली. "खाली राहतात. मीच सांगितले होते करायला."

आणि नेमक्या त्याच वेळी, दार उघडंच होतं म्हणून, सुंदराबाई दारात आल्या. इस्त्रीची साडी, हातात आणखी एक डबा. "श्रद्धा, अगं हे ठेव, कमी पडतील म्हणून…" असं म्हणत त्यांनी डबा पुढे केला. उन्हाच्या तिरिपेत त्यांचे हात मनगटापर्यंत पांढरे दिसले.

राधाताईंचं चावणं थांबलं. उरलेला अर्धा लाडू त्यांनी बशीत परत ठेवला, अगदी हळू, कडेला. पर्समधून रुमाल काढला. आधी करंगळी पुसली, मग एकेक बोट, मग रुमालाने ओठ टिपले, आणि तो रुमाल घडी न करता पर्सच्या वेगळ्या कप्प्यात टाकला. हसू मात्र ढळलं नाही.

विमलाबाईंना ही बोटं पुसायची रीत ओळखीची होती. ती त्यांचीच होती.

सुंदराबाईंनाही ती ओळखीची असावी. "येते हं, गॅसवर दूध आहे," असं त्या आपल्या टेलिफोनच्या आवाजात म्हणाल्या आणि गेल्या. वैजनाथरावांनी तेवढ्यात हात लांब करून बशीतला दुसरा लाडू उचलला आणि तोंडात घातला. गेली कित्येक वर्षं त्यांना गोड मिळालं नव्हतं; हे बंड होतं की भूक, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"विमलाताई," राधाताई जवळ सरकल्या, आवाज खाली आणला, "राग नका मानू हं. पण तुमच्या घरात असं कुणाला नाही ना? म्हणजे, विचारून घेतलेलं बरं. पुढच्या पिढीचा प्रश्न असतो."

किती सोपं होतं. "छे हो!" एवढंच म्हणायचं. खोटंही नव्हतं ते, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. विमलाबाईंनी "छे" म्हणायला तोंड उघडलं, आणि समोर बशीच्या कडेला तो अर्धा लाडू दिसला. त्याच्यावर बोटांची खूण होती. त्यांना अशी किळस आली, की रंगवलेल्या मटारची कधी आली नव्हती. त्या लाडवाची नव्हे. रुमालाची. पर्सच्या वेगळ्या कप्प्याची. गच्चीवरच्या कावळ्यांची. तीनदा घासलेल्या डब्याची.

त्यांनी कपाळाला नख लावलं आणि टिकली ओढली. गोंद भरपूर होता, कातडी ताणत ताणत, चर्र करून निघाली.

राधाताई मागे सरकल्या. दिग्विजयने कॉम्प्युटरकडे बघायला सुरुवात केली.

"विचारलंत म्हणून दाखवलं," विमलाबाई म्हणाल्या.

पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. 'पण हे ते नाही हो, हे टिकलीच्या गोंदाचं आहे, तसलं नाही.' आणि त्या वाक्याला वास आला. त्यांच्या नाकाने तो अचूक पकडला. तसलं नाही, म्हणजे खालच्यांसारखं नाही. म्हणजे पुन्हा डबा घ्यायचा, हसायचं आणि गच्चीवर जायचं. विमलाबाईंनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात फेकून दिलं.

"चहा आणखी घेणार?" त्यांनी विचारलं.

चहा कुणालाच नको होता. राधाताई उठल्या. पर्समधल्या डबीतलं हळदीकुंकू विमलाबाईंना लावायची वेळ आली तेव्हा त्यांना कपाळ कुठे आहे तेच सापडेना. शेवटी त्यांनी हवेतच बोट फिरवून नमस्कार केला. "कळवतो हं," असं दारात म्हणाल्या. पुण्यात याचा अर्थ काय होतो, ते दारावरच्या पाटीलासुद्धा कळतं.

श्रद्धाने दार लावलं. आईच्या कपाळाकडे तिने पाहिलं.

"कधीपासून?"

विमलाबाईंनी सगळं सांगितलं. आरसा, अल्लाबक्ष, कॅम्पातले डॉक्टर, गोंद.

"आणि हे त्यांना का नाही सांगितलंस? कोड नाहीये म्हणून?"

"सांगणार होते. मग…" विमलाबाई कपबशा गोळा करू लागल्या. "तुझं नुकसान केलं मी."

"मी दुसरीत असल्यापासून मावशींचे लाडू खातेय, आई," श्रद्धा म्हणाली. "तू गच्चीवर जायचीस तेव्हा मी खाली असायचे. मला काय झालं? आणि मला आधी सांगायचंस ना गं. दिवसभर लोकांचे बग शोधते मी, आणि घरात…" मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि आरशाच्या कडेच्या सगळ्या टिकल्या खरवडून कचऱ्यात गेल्या होत्या.

पत्रिका जुळत नसल्याचं मोहोडांनी मंगळवारी कळवलं. पत्रिका आधी जुळली होती. ग्रहांनी बहुधा रविवारनंतर जागा बदलल्या असाव्यात. श्रद्धाने दिग्विजयला स्वतः फोन केला. "आईला नाही पटत, यू नो," एवढंच तो बोलू शकला. श्रद्धा म्हणाली, "नो, आय डोंट," आणि फोन ठेवला. त्या रात्री तिने भाजीला नावं ठेवली. विमलाबाईंना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी विमलाबाई उघड्या कपाळाने भिशीला गेल्या आणि म्हणाल्या, "काढा गं सगळ्याजणी टिकल्या, त्यात विष आहे." आजवर विमलाबाईंनी विष म्हटलं की लोक पातेली ओतून द्यायचे. या वेळी कुणी हललं नाही. सगळ्या कपाळाकडे बघत होत्या, आणि शालूवहिनींनी आपली बशी जरा, अगदी जराशीच, आपल्याकडे ओढून घेतली. "उपास आहे हो आज," त्या म्हणाल्या. समोर साबुदाण्याऐवजी भजी होती.

तिथून विमलाबाई उठल्या आणि जिना उतरून तळमजल्यावर आल्या. बेल दाबायला त्यांना जरा वेळ लागला.

सुंदराबाईंनी दार उघडलं. कपाळ पाहिलं. काही विचारलं नाही, फक्त बाजूला झाल्या. विमलाबाई या घरात पहिल्यांदाच बसत होत्या. खुर्चीच्या कडेवर, घाईत आलेल्या पाहुणीसारख्या.

"चहा?"

"घेईन. आणि ते रव्याचे लाडू उरलेत का? आमच्याकडचे ह्यांनी संपवले."

सुंदराबाई बशीत लाडू घेऊन आल्या. पांढऱ्या बोटांनी बशी पुढे केली, त्या बोटांतूनच विमलाबाईंनी ती घेतली. लाडू उचलला आणि सवयीने, अगदी नकळत, तो नाकाशी गेला. नाकपुड्या हलल्या. सुंदराबाईंनी मान फिरवली.

विमलाबाईंनी घास घेतला. हळूहळू चावला. गिळला. मग कपाळाला आठी पडली, त्या पांढऱ्या गोलाच्या बरोबर मधोमध.

"तूप कुठून आणता हो?"

"कोपऱ्यावरून. का?"

"वास मारतंय. वनस्पती मिसळलंय त्यात, आणि तेसुद्धा जुनं. काय घान हाय वं हे! आणि वेलची म्हणून जे घातलंय ना, ती सालं आहेत, दाणे त्यानं काढून घेतलेत. फसवतोय तो तुम्हाला."

सुंदराबाईंनी पदर ओठांशी नेला. विमलाबाईंना वाटलं, संपलं, आता ह्यांनाही दुखावलं.

"इतकी वर्षं 'छान झाले होते' ऐकतेय मी तुमच्याकडून," सुंदराबाई म्हणाल्या. आवाज टेलिफोनवरचा नव्हता. "आज पहिल्यांदा खाल्लात."

विमलाबाईंनी उरलेला लाडू, वास मारणाऱ्या तुपासकट, तोंडात टाकला.

सुंदराबाई आत गेल्या आणि एक पितळी डबा घेऊन आल्या. "ह्यातल्या लाडवांचं तूप वेगळं आहे. गावाहून आलेलं, घरचं," त्या म्हणाल्या, आणि लाडू थेट विमलाबाईंच्या तळहातावर ठेवला. "आता ह्याला ठेवा नावं."